माळ्यावरचा वॉकर

एकलहरे कॉलनी, नाशिक
१४ जुलै २००२

डॉ. आशा यांस,

आपलं पत्र मिळालं. आपण कामातून सवड काढून चार पानं लिहिलीत याबद्दल आभारी आहे.

एवढी दोन वाक्यं लिहायला मला अर्धा तास लागला. सुमनने खांद्यावरून डोकावून वाचलं आणि म्हणाली, "सख्ख्या बहिणीला लिहिताय की चीफ इंजिनियरला?" तर जाऊ दे. जिला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडलं तिला अहो-जाहो मला झेपायचं नाही. अकरा वर्षांनी लिहितोय, काही वेडंवाकडं झालं तर चालवून घे.

सुमनने माझ्या नकळत तुला फोन केला हे मला तुझं पत्र आल्यावर कळलं. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी पत्र उघडलं. तू फोन करू का विचारतेस. नको करूस. तुझा आवाज कानावर पडला तर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. कागदावर निदान खोडता येतं.

पडलो कसा, ते तिने मीठमिरची लावून सांगितलंच असेल. क्वार्टरच्या मागे शेवगा आहे. चैत्रात शेंगा लटकल्या होत्या आणि मी वर चढलो. शेवग्याची फांदी माणसाचं वजन घेत नाही हे आपल्या वणीतलं शेंबडं पोरगंही जाणतं. मीही जाणत होतो. तरी चढलो, सत्तावन्नाव्या वर्षी. फांदी मोडली, मी खाली, उजव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली. शेंगा मात्र हातात होत्या. त्यांची आमटी सुमनने दुसऱ्या दिवशी केली आणि मला दवाखान्यात आणून खायला घातली. बायको म्हणून तिला तोड नाही.

अडीच महिने मांडीपर्यंत प्लास्टर. ते कापलं तेव्हा आतून जो पाय निघाला तो माझा नव्हता गं. गुडघा तेवढा मोठा, वर आणि खाली नुसती शेंग. डॉक्टर म्हणाले, "हाड झकास जुळलंय, आता चालायला लागा." मी म्हटलं, चालतो की. घरी आलो, पाय टेकला, गुडघा आपोआप दुमडला आणि मी सुमनच्या अंगावर. तेव्हापासून पलंगावर आहे. जेवणाचं ताट इथे, चहा इथे, पेपर इथे. येणारा जाणारा म्हणतो, "घाई करू नका, आराम करा." मी आराम करतोय.

तर तुला लिहिण्याचं कारण. एक ऑक्टोबरला मला वीजकेंद्रात कामावर हजर व्हायचंय. निवृत्तीला वर्षही उरलेलं नाही. हे शेवटचे महिने मला टर्बाइनच्या मजल्यावर काढायचेत, जिथे तीस वर्षं काढली. तिथे जायला अठ्ठेचाळीस पायऱ्या आहेत. लिफ्ट आहे, पण लिफ्टने वर जाणाऱ्या ऑपरेटरला मीच इतकी वर्षं हसत आलो. पायात जोर आला नाही तर मला खाली कुठेतरी टेबलावर बसवतील आणि मी तिथेच संपेन. तू व्यायाम लिहून पाठवलेस ते करून बघतो. पण मला आधी हे सांग, की हाड मोडलं होतं, मांस कुठे मोडलं होतं? मग ते गेलं कुठे?

आणि एक स्पष्ट करतो. पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "आईचं झालं तसं तुझं होऊ देऊ नकोस." आईचं वेगळं होतं. आई स्वतःच उठायला तयार नव्हती. मी तेव्हाही तुला हेच सांगितलं होतं. तो विषय परत नको.

गोटीराम


४ ऑगस्ट २००२

आशा,

तुझं दुसरं पत्र सुमनने मला वाचून दाखवलं, कारण तेव्हा मी तुझीच शिक्षा भोगत होतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, मांडी आवळायची, दहा मोजायचे, सोडायची. असं दिवसातून सहा वेळा. लिहायला सोपं आहे. पहिल्या दिवशी मी आवळतोय, घाम फुटतोय, आणि मांडी ढिम्म. वरून हुकूम सुटतोय, खाली कोणी घेतच नाही. रडू आलं, खोटं कशाला सांगू. सहाव्या दिवशी गुडघ्याच्या वर काहीतरी थरथरलं. मी हाक मारली, सुमन तव्यावरची पोळी टाकून धावत आली, आणि आम्ही दोघं खुळ्यासारखे माझ्या मांडीकडे बघत बसलो. पोळी करपली. त्या पोळीबद्दल तुझे आभार.

ब्लाउजच्या टेपने मोजलं. डावी मांडी एकावन्न सेंटिमीटर, उजवी त्रेचाळीस. दर रविवारी मोजून तुला कळवायचं म्हणतेस, कळवीन.

मांस कुठे गेलं त्याचं उत्तर मी चार वेळा वाचलं. माझ्या डोक्यात जे शिरलं ते लिहितो, चुकलं तर लाल पेनाने खूण कर, तुला सवय असेल. स्नायूच्या पेशीत म्हणे दोन कामं कायम चालू असतात, जुनं मोडायचं आणि नवं बांधायचं. पायावर भार पडत असला की दोन्ही बरोबरीने चालतात. भार थांबला की बांधणं मंदावतं आणि मोडणं वाढतं. आणि मोडतात तेही वाटेल तसं नाही. जे प्रथिन काढून टाकायचं त्याला आधी एक बारीकशी खूण चिकटवतात, अशा चार-पाच खुणा एकीपुढे एक लागल्या की ते एका पिंपासारख्या यंत्रात जातं आणि त्याचे तुकडे पडतात. खूण चिकटवणारे दोघे मुकादम गेल्याच वर्षी सापडले असं तू लिहिलंस, आणि हैदराबादच्या तुझ्या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या पायातही ते पहिल्या दोन-तीन दिवसांतच कामाला लागलेले दिसतात.

अगं, हे तर आमचं स्टोअर झालं! वापरात नसलेल्या मालाची पाहणी होते, ज्यावर पांढऱ्या रंगाने फुली पडली तो कंडम. एकदा फुली पडली की तो भाग कितीही चांगला असो, कटरखाली जातो. मी अडीच महिने प्लास्टरमध्ये आणि वर हौसेने पलंगावर पडून राहिलो आणि आतले माझ्या मांडीवर फुल्या मारत सुटले. मला एकच विचारायचंय, की कंडम ठरवतो कोण? आमच्याकडे त्याला तीन साहेबांच्या सह्या लागतात.

तुझ्या उंदरांबद्दल वाचून सुमनला वाईट वाटलं. त्यांना शेपटीने असं टांगायचं की मागचे पाय जमिनीला लागू नयेत, म्हणजे पंधरा दिवसांत पाय बारीक होतात. आई असती तर तुझ्या हातचं पाणी प्यायली नसती.

वॉकर मिळाला. तू पाठवायची गरज नाही. सुमनने स्टूल घेऊन माळ्यावरून काढला. तोच, तू मुंबईहून आईसाठी पाठवलेला. आई वापरत नव्हती म्हणून मीच वर ठेवला होता. अॅल्युमिनियम अजून चकचकीत आहे. खालच्या चारही रबरी बुशांवर दुकानातलं प्लास्टिक तसंच होतं, ते आज मी ब्लेडने काढलं.

उद्यापासून पलंग ते स्वयंपाकघर. सोळा पावलं आहेत.

गोटीराम


८ सप्टेंबर २००२

आशा,

पंचेचाळीस सेंटिमीटर! परवा गणपती बसतील, त्यांच्यासाठी यंदा मोदक वाढवून करायला सांगितलेत.

कंडम कोण ठरवतो त्याचं तुझं उत्तर मी कपाटाच्या दारावर आतून चिकटवलंय. "दादा, तिथे कोणी साहेब नाही. ओढ मिळाली नाही, हाच हुकूम. ओढ दिलीस की हुकूम मागे. आणि स्नायूचे धागे मरत नाहीत, बारीक होतात. संख्या बरीचशी तीच असते, त्यामुळे भरून येतात. तुझ्या वयाला वेळ लागेल एवढंच." तुला कल्पना नाही, 'भरून येतात' या दोन शब्दांवर मी महिना काढला. सकाळी उठलो की दार उघडतो, वाचतो, आणि वॉकर धरतो. स्वयंपाकघर झालं, दारापुढचा ओटा झाला, आता कॉलनीच्या रस्त्याने पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येतो. पोरं मागून ओरडतात, "काका, हॉर्न द्या!" मी म्हणतो, बाजूला व्हा, रोड रोलर आलाय.

सुमनचंही ऐक. मी उठून पाणी घ्यायला लागलो तर तिला पहिल्यांदा राग आला. म्हणाली, मी असताना तुम्ही का उठता, लोक काय म्हणतील? तुझं पत्र दाखवल्यावर आता ती तांब्या मुद्दाम लांब ठेवते. लग्नाच्या तेहतीस वर्षांत पहिल्यांदा तिला मला छळायला सरकारी परवानगी मिळाली आहे आणि ती तिचा पुरेपूर फायदा घेतेय. तुम्हा दोघींचा मी फार ऋणी आहे.

तुला आज टर्बाइनचं एक सांगायचंय. तू कधी विचारलं नाहीस आणि मीही कधी सांगितलं नाही. मशीन बंद केलं ना, तरी रोटर थांबवायचा नसतो. कित्येक टनांचा लोखंडी दांडा, आतून तापलेला. एका जागी उभा राहिला तर वाकतो. मग ते मशीन चालू करताना असं थरथरतं की ऐकणाऱ्याचे दात वाजतात. म्हणून वाफ बंद झाली की बारिंग गिअर लावायचा आणि रोटर हळूहळू फिरवत ठेवायचा, पार थंड होईपर्यंत. मोटर नसली तर माणसं लावून हाताने अर्धा-अर्धा फेरा द्यायचा. नवीन पोरगं ड्यूटीवर आलं की पहिल्या दिवशी मी त्याला हेच शिकवतो. बंद आहे म्हणून सोडून जायचं नाही, बंद आहे म्हणूनच फिरवायचं.

काल टाकीजवळच्या कठड्यावर दम खायला बसलो होतो. समोर चिमणी, धूर सरळ वर चाललेला. आणि एकदम डोक्यात आलं, की तीस वर्षं मी लोखंडाला एक मिनिट पडू दिलं नाही, आणि घरात

हे वाक्य आज पुरं होत नाही. मोदक झाले की तुझ्या नावाने एक गणपतीपुढे ठेवतो.

दादा


२० ऑक्टोबर २००२

आशे,

आधी चांगली बातमी. एक तारखेला कामावर हजर झालो. सर्टिफिकेट देताना डॉक्टरांनी मला एका पायावर उभं केलं आणि दहा मोजले, मी बारा उभा राहिलो. अठ्ठेचाळीस पायऱ्या चढलो. विसाव्या पायरीवर थांबलो, छत्तिसाव्या पायरीवर थांबलो, पण चढलो. वर पोचल्यावर मशीनची ती घरघर पायातून छातीत आली आणि मला तुझी आठवण झाली. मनात म्हटलं, पोरी, तुझ्या उंदरांचं भलं होवो.

आता दुसरं. हे मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितोय.

आई उठायला तयार नव्हती हे खोटं आहे.

आई रोज म्हणायची, "गोट्या, मला उभी कर." ऑपरेशनच्या डॉक्टरांनीही सांगितलं होतं, चौथ्या दिवसापासून वॉकर धरून उभं करा. मीच केलं नाही. आई माझ्या घरात, माझ्या मोरीत, मी सांडलेल्या साबणाच्या पाण्यावरून पडली होती, आशे. खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज मी दाराबाहेरून ऐकला. तो आवाज मला पुन्हा ऐकायचा नव्हता. म्हणून म्हटलं, "आई, तू जन्मभर राबलीस, आता नुसती पडून राहा, मी आहे." तिला पाणी पाजलं, भरवलं, वेणी घातली, कूस बदलली. सगळी कॉलनी बघायला यायची. म्हणायची, मुलगा असावा तर असा. मला ते आवडायचं. तू वॉकर पाठवलास, आणि आईने त्याच्याकडे हात केला, तेव्हा मी तो उचलून माळ्यावर टाकला. ती पुन्हा मागू नये म्हणून वर जुनी गादी टाकली. आणि तुला पत्राने कळवलं की आईच नको म्हणते.

मग भाऊबीजेला तू आलीस. तू आईची मांडी हाताने चाचपलीस आणि तुझा चेहरा उतरला. तू तिला काखेत धरून उभं करायला गेलीस, ती कळवळली, आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते दोघांनाही पाठ आहे. "तुझे प्रयोग तुझ्या पेशंटवर कर, माझ्या आईवर नको. चालती हो." ओवाळणीचं ताट पाटापुढे तसंच होतं, निरांजन लागलेलं. तू पिशवी उचललीस आणि गेलीस. माघात आई गेली. पाठीला जखमा झाल्या होत्या, छातीत कफ भरला होता. दहाव्याला तू आलीस ती माझ्याशी एक शब्द न बोलता परत गेलीस.

हे मी तुला सांगणारच होतो, गणपतीआधी वाक्य अर्धं सोडलं तेव्हापासून. पण दसऱ्याला जे झालं त्यानंतर आता न सांगून राहवत नाही.

आपल्या शेजारच्या क्वार्टरमधल्या भागुबाई तुला आठवतात? मालक रिटायर झाल्यावर त्या वणीला राहायला गेल्या. मी पडलो होतो हे कळल्यामुळे दसऱ्याला मुद्दाम सोनं द्यायला आल्या. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली, पाया पडू दिलं नाही, आणि कोपऱ्यातला वॉकर बघून म्हणाल्या, "हा आजीचा ना? म्या तेव्हा किती हुडकला. कुठं ठिवला व्हता तुमी?"

मी म्हटलं, "तुम्हाला कशाला हवा होता?"

त्यांनी सुमनकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "आता सांगायला काय हरकत नाय. तुमी फस्ट शिफ्टला जायचे, सुमनबाई बालवाडीत जायच्या, तवा आजीपाशी मी असायची. दिवाळी झाल्यावं आजीला म्या उभी करायची. रोज. वॉकर घावला नाय, मंग खिडकीचे गज धरून. पयल्यांदा लय वरडली. मंग दोन पावलं टाकायला लागली, मंग चार. पलंगापासून खिडकीपत्तूर यायची आन् गज धरून चिमणीकडं बघत ऱ्हायाची. म्हनायची, माझा गोट्या तिथं हाय."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"आजीनंच शपथ घातली व्हती. म्हनली, तो घाबरतो, त्याला सांगू नको. संकरातीला त्याच्या म्होरं चालत जाईन, त्यालाच तिळगूळ दीन, मंग बघू त्याचं तोंड."

"मग थांबलं का?"

भागुबाईंनी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "तुमी रजा घेतली ना."

आशे, डिसेंबरात मी दोन महिन्यांची रजा टाकली होती. आईपाशी बसायला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्या उशाशी खुर्ची टाकून बसलो, एक मिनिट हललो नाही. ती खिडकीकडे बघायची, मला वाटायचं तिला उजेडाचा त्रास होतो. मी पडदा लावून घ्यायचो.

रडून झालंय, काळजी करू नकोस. सुमनला यातलं काही माहीत नव्हतं. पण आज कामावरून आलो, खिडकीपाशी गेलो, गज धरले आणि उभा राहिलो. इथून चिमणी अगदी समोर दिसते. माझ्या फर्स्ट शिफ्टचे दिवस धरले तर आई पंधरा-सोळा दिवस इथे उभी होती. माझ्या नकळत, पण स्वतःच्या पायांवर. मला वाटत होतं ती पडल्यापासून एकदाही उभी न राहता गेली. तसं नव्हतं. त्या दिवशी निघताना भागुबाईंच्या मी पाया पडलो, या वेळी त्यांचं ऐकलं नाही.

तू मला जे सांगायला आली होतीस ते बरोबर होतं आणि मी तुला हाकलून दिलं. एवढंच लिहायला मला अकरा वर्षं लागली. माफ कर असं लिहीत नाही, ते तुझ्यावर आहे. आणि एवढं होऊनसुद्धा, माझा पाय मोडला म्हटल्यावर तू चार पानं लिहिलीस. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानेही तुझं ऐकलं असतं, पण दुसऱ्या कुणाला तू लिहिलं नसतंस.

दादा


३० ऑक्टोबर २००२

आशे,

तुझं पत्र आज दुपारी आलं. उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग सुमनला वाचून दाखवलं.

भागुबाईंना तूच सांगितलं होतंस. माझ्याशी भांडून निघालीस, डोळे पुसत त्यांच्या दारात गेलीस, आणि बस पकडायच्या आधी अर्धा तास त्यांना शिकवलंस, आजीला काखेतून कसं धरायचं, गुडघा कसा लॉक करायला सांगायचा, किती वेळ उभं ठेवायचं. मी इकडे दार लावून घेऊन फुरफुरत बसलो होतो, आणि तू पलीकडच्या भिंतीआड आईची सोय करत होतीस.

आणि दहाव्याला त्यांनी तुला सांगितलं की ते कधी थांबलं आणि का थांबलं. मला वाटत होतं की तू तोंड फिरवून गेलीस ती रागाने. तुझ्या पत्रातलं वाक्य इथे परत लिहितो, मला ते माझ्या हाताने लिहून बघायचंय. "रजा तू आईसाठी घेतली होतीस. त्या रजेनेच ते थांबलं, हे मी तुला कोणत्या तोंडाने सांगणार होते? समोर आले असते तर एखाद्या दिवशी भांडणात तोंडून निघून गेलं असतं, आणि तू खचला असतास. म्हणून आले नाही. राग होताच दादा, नव्हता असं नाही. पण नुसत्या रागाने माणूस अकरा वर्षं लांब राहत नाही."

आभार हा शब्द मी तुला पहिल्याच पत्रात उगाच खर्च करून टाकला. मी समजत होतो तू मला टाकलंस, आणि तू मला सांभाळत होतीस. आईच्या मांडीला हात लावल्यावर हाताला जे लागलं, ते असं का होतं हे शोधायला तू हैदराबादला गेलीस, उंदीर टांगलेस, डोळे फोडून घेतलेस सूक्ष्मदर्शकात, आणि त्यातून निघालेलं पहिलं औषध कुणाच्या कामी आलं, तर ज्याने तुला चालती हो म्हटलं त्याच्या. आईला हे कळलं असतं तर हसली असती. म्हणाली असती, गोट्याचं नशीब पहिल्यापासून बहिणीच्या हातात.

उजवी मांडी साडेएकोणपन्नास. डावीची बरोबरी मार्चपर्यंत होईल असं तू म्हणतेस, मी म्हणतो संक्रांतीला. त्या दिवशी आईचा तिळगूळ तिच्या वतीने मी भागुबाईंना वणीला नेऊन देणार आहे, बसस्टँडपासून त्यांच्या घरापर्यंत चालत.

वॉकर आता लागत नाही. समोरच्या ओळीत एका बाईंच्या सासूबाई पडल्या आहेत, त्यांना दिला. मुलगा माझ्यासारखाच आहे, उशाशी बसून राहतो. मी त्याला रोज सकाळी जाऊन शिव्या देतो. परवा आजी वॉकर धरून उंबऱ्यापर्यंत आल्या आणि तो पोरगा त्यांच्या मागे दोन्ही हात पसरून, रडकुंडीला आलेला. मी म्हटलं, रड, पण हात लावू नकोस.

देण्याआधी त्याचे बुश बदलले. जुने चारही कॉलनीच्या रस्त्यावर पार झिजले होते, एकातून तर अॅल्युमिनियमचं टोक बाहेर आलं होतं. तो एक मी ठेवून घेतलाय.

तू भाऊबीजेला येतेस. बुधवारी. सुमनने पाट काढून धुतलाय आणि ताट घासलंय, तेच ताट. ओवाळणीत काय घालायचं यावर आमचा दोन दिवस वाद चाललाय. ती म्हणते साडी. साडी तिने आणली आहेच, ती सुमनच देईल. मी ताटात तो झिजलेला बुश घालणार आहे. कोरा होता तेव्हा तो तुझ्याकडून आला होता, आता तुझा तुला परत.

नाशिक रोडला गाडी आली की डब्यातच थांब, घाईने उतरू नकोस, पिशव्या मी घेईन. पुलाचा जिना चढून तुझ्या फलाटावर येईन, सुमन मागे असेल आणि तिला मदत करायची मनाई आहे. तू मला लांबून ओळखशील की नाही माहीत नाही, केस सगळे पांढरे झालेत. फलाटावर बाकडी पुष्कळ आहेत, पण मी उभा असेन.

तुझा दादा